दिव्यांग व्यक्तींच्या कुटुंबांसाठी विसावा-सेवा : कायद्यातील तरतूद आणि उपलब्ध पर्याय

दिव्यांग व्यक्तींच्या पुनर्वसनाचा विचार करताना शिक्षण, रोजगार, आरक्षण, साहाय्यक साधने आणि निवृत्तिवेतन हे विषय ओघाने येतात. ज्या व्यक्तीच्या हातून घास भरवला जातो, कपडे बदलले जातात, रात्री कूस बदलून दिली जाते, तिचा विचार मात्र दीर्घकाळ धोरणाच्या परिघाबाहेर राहिला. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६ व्या फेरीत, म्हणजे जुलै ते डिसेंबर २०१८ या काळात, दिव्यांग व्यक्तींच्या काळजीवाहकांविषयी माहिती गोळा करण्यात आली. ६२.१ टक्के व्यक्तींना काळजीवाहक उपलब्ध होता, ३७.७ टक्के व्यक्तींना त्याची गरज नव्हती आणि गरज असूनही काळजीवाहक नाही, असे प्रमाण अवघे ०.३ टक्के आढळले.

वरवर पाहता हे चित्र समाधानकारक वाटते. परंतु देशातील देखभाल-सेवांचे तुटपुंजे जाळे लक्षात घेतले तर या आकड्यामागे कोण उभे आहे हे उघड होते. आई, पत्नी, बहीण, सून, क्वचित वडील किंवा भाऊ यांनीच ही पोकळी भरून काढलेली आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील दिव्यांगांची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के नोंदली गेली. दोन्ही पाहण्यांच्या व्याख्या वेगळ्या असल्या तरी ढोबळ अंदाजासाठी हे प्रमाण त्या संख्येला लावले, तर दीड कोटीहून अधिक व्यक्तींसाठी कोणीतरी रोज काळजीवाहकाचे काम करीत आहे. कुटुंबातील सर्व प्रकारच्या देखभालीचा भार कोणावर पडतो, हे २०२४ च्या वेळ-विनियोग सर्वेक्षणातून दिसते. १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया कुटुंबीयांच्या देखभालीत सहभागी होत्या व त्यांचा दिवसाला सरासरी १४० मिनिटांचा वेळ त्यात जात होता. पुरुषांचा सहभाग २१.४ टक्के आणि वेळ ७४ मिनिटे होता. ही सर्वसाधारण कुटुंबांची सरासरी आहे. तीव्र दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीच्या घरात देखभालीचे काम मिनिटांत मोजण्याजोगे राहत नाही.

विसावा-सेवा म्हणजे काय?

‘रेस्पाइट केअर’ या संज्ञेला मराठीत अद्याप सर्वमान्य प्रतिशब्द रूढ झालेला नाही. ‘तात्पुरती देखभाल’ म्हटले तर काळजीवाहकाचा विसावा हा मूळ हेतू निसटतो. म्हणून येथे ‘विसावा-सेवा’ हा शब्द योजला आहे. नित्य काळजी घेणाऱ्या व्यक्तीला काही तास, काही दिवस किंवा क्वचित काही आठवडे मोकळीक मिळावी, यासाठी दिव्यांग व्यक्तीची देखभाल तेवढ्या काळापुरती दुसऱ्या प्रशिक्षित व विश्वासू व्यक्तीने वा संस्थेने करणे, असा तिचा अर्थ आहे. मुदत ठरलेली असणे हा या सेवेचा प्राण होय. व्यक्ती अमुक दिवशी घरी परतणार हे सर्वांना ठाऊक असते. आजीवन निवासगृह आणि विसावागृह यांच्या इमारती एकसारख्या दिसल्या तरी त्यांतील मूलभूत फरक हाच आहे.

या सेवेची गरज सर्वांना सारखी नसते. तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व, मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता, बहुदिव्यांगत्व, स्नायूंचा ऱ्हास करणारे आजार आणि दीर्घकालीन मानसिक आजार यांत ती विशेष भासते. वयाबरोबर ती वाढत जाते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. पाच वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन उपचार केंद्रात जाणारी आई, तो पंचवीस वर्षांचा होतो तेव्हा पन्नाशीकडे झुकलेली असते. त्याचे वजन वाढलेले असते आणि तिची कंबर गेलेली असते. साधारणपणे अठराव्या वर्षी विशेष शाळा संपते आणि दिवसाचे सहा तास जे घराबाहेर जात होते, तेही घरात येतात. अशा घरांत आईने स्वतःची शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे पुढे ढकलणे, भावंडांच्या लग्नाला आई-वडिलांपैकी एकानेच जाणे, नोकरीतील बढती बदलीच्या भीतीने नाकारणे हे नित्याचे आहे.

चार पर्याय

पहिला पर्याय घरीच मिळणाऱ्या सेवेचा. प्रशिक्षित मदतनीस ठरावीक वेळी घरी येतो, आंघोळ, जेवण, औषधे, व्यायाम सांभाळतो आणि आई त्या वेळात बाहेर पडू शकते किंवा झोपू शकते. परिचित जागा, परिचित अंथरूण आणि परिचित आवाज कायम राहत असल्याने स्वमग्न व्यक्तींना हा प्रकार सर्वाधिक मानवतो, कारण दिनक्रमातील बदल त्यांना असह्य होतो. अडचण मनुष्यबळाची आहे. शहरांत खासगी संस्थांकडून मिळणारे मदतनीस बहुधा वृद्धांच्या व शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या देखभालीसाठी घडवलेले असतात. अपस्माराचा झटका आल्यास काय करावे, गिळताना ठसका लागणाऱ्या व्यक्तीला कोणत्या स्थितीत बसवून भरवावे, न बोलणारी व्यक्ती वेदना कशी व्यक्त करते, याचे प्रशिक्षण त्यांना क्वचितच मिळालेले असते. ही उणीव भरून काढण्यासाठी राष्ट्रीय न्यासाने ‘सहयोगी’ ही काळजीवाहक प्रशिक्षण योजना राबवली. भारतीय पुनर्वसन परिषदेनेही मेलबर्न विद्यापीठाच्या सहकार्याने समुदायाधारित सर्वसमावेशक विकासाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम मे २०२१ मध्ये सुरू केला. प्रशिक्षित व्यक्तीला रुग्णालयात अधिक नियमित वेतन मिळत असेल तर ती तिकडे वळणे स्वाभाविक आहे. तेव्हा प्रशिक्षणाच्या जोडीला कामाच्या मोबदल्याची व्यवस्था नसेल, तर प्रमाणपत्रे वाढतात आणि घरी येणारी माणसे तेवढीच राहतात.

दुसरा पर्याय दिवसकेंद्राचा. सर्वसामान्य बालकांसाठी पाळणाघरे असतात, पण तीव्र दिव्यांगत्व असलेल्या बालकाला तेथे प्रवेश मिळणे दुरापास्त असते. राष्ट्रीय न्यासाच्या योजनांमध्ये दहा वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी ‘दिशा’ आणि त्यापुढील वयासाठी ‘विकास’ अशी रचना आहे. पुढे या दोहोंचे एकत्रीकरण करण्यात आले. या केंद्रांचा घोषित हेतू कौशल्यविकासाचा असला तरी कुटुंबाच्या दृष्टीने त्यांचे मोल दिवसातील त्या मोकळ्या तासांत आहे. मात्र केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी असेल आणि घर तालुक्यापलीकडे, तर चार तासांच्या विसाव्यासाठी तीन तासांचा एस.टी.चा प्रवास करावा लागतो आणि तो प्रवासही आईच करते. म्हणून दिवसकेंद्राच्या मंजुरीत खोल्यांच्या मापाइतकीच वाहनाची तरतूद तपासली गेली पाहिजे.

तिसरा पर्याय अल्पकालीन निवासाचा. आईचे आजारपण, घरातील मृत्यू, बाळंतपण, दूरचा प्रवास अशा प्रसंगी याला पर्याय नाही. पालकांच्या मनातील भीती येथे सर्वाधिक असते, विशेषतः मुलीच्या बाबतीत. चांगली संस्था ही भीती उडवून लावत नाही. ती आधी काही तासांचा, मग एका रात्रीचा मुक्काम सुचवते. आहार, औषधांच्या वेळा, आवडीनिवडी, भीतीची कारणे, शौचाच्या सवयी यांची तपशीलवार नोंद घेते. पालकांना अचानक भेट देण्याची मुभा ठेवते. संकट कोसळल्यावर प्रथमच मुलाला अनोळखी दारात सोडणे हा सर्वांसाठीच क्लेशकारक अनुभव ठरतो. त्यामुळे गरज नसताना केलेला लहान मुक्काम ही खरी तयारी असते.

चौथा पर्याय कुटुंबाने कुटुंबाला देण्याचा. एका दिव्यांग मुलाचे पालक शनिवारी दुसऱ्याच्या मुलाला सांभाळतात, पुढच्या शनिवारी उलट. पालक संघटनांच्या वर्तुळात हे अनौपचारिकपणे घडत आले आहे. देशभरातील पालक संघटनांचा ‘परिवार’ हा महासंघ १९९० च्या दशकात उभा राहिला, त्यामागेही परस्परसाहाय्याची ही जाणीव होती. खर्च नगण्य आणि विश्वास भरपूर, असा हा प्रकार. पण तो शेजारी राहणाऱ्या, एकाच परिस्थितीतील कुटुंबांनाच शक्य होतो.

कायद्याची भाषा

विसावा-सेवा ही पाश्चात्त्य देशांतून अलीकडे आलेली कल्पना आहे, असा समज आढळतो. प्रत्यक्षात भारतीय संसदेने १९९९ मध्येच तिचा नामोल्लेख केला आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींच्या कल्याणासाठीचा राष्ट्रीय न्यास कायदा त्या वर्षी संमत झाला. त्याच्या कलम १० मधील उद्दिष्टांत, दिव्यांग व्यक्तीला स्वतःच्या कुटुंबात राहता यावे यासाठी सुविधा बळकट करणे आणि कुटुंबावर संकट आले असता गरजेनुरूप सेवा देणाऱ्या नोंदणीकृत संस्थांना पाठबळ देणे, ही दोन उद्दिष्टे आहेत. कलम ११ मध्ये न्यासाने अर्थसाहाय्य द्यावयाच्या मान्य कार्यक्रमांची यादी येते. विसावा-सेवा, प्रतिपालक कुटुंबात देखभाल आणि दिवसकालीन देखभाल यांना चालना देणारे कार्यक्रम त्यात स्पष्टपणे समाविष्ट आहेत. याच कलमानुसार केंद्र सरकारने न्यासाला १०० कोटी रुपयांचा एकरकमी निधी द्यावयाचा होता.

ही रचना बारकाईने पाहिली पाहिजे. कायदा संस्थेला अनुदान मिळण्याचा मार्ग खुला करतो. कुटुंबाला सेवा मागण्याचा हक्क देत नाही. जिल्ह्यात कोणतीही संस्था पुढे आली नाही, तर त्या जिल्ह्यातील पालकांना दाद मागण्यासाठी कलम ११ चा उपयोग होत नाही.

दुसरा टप्पा आंतरराष्ट्रीय कराराचा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारला गेला आणि भारताने तो १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थित केला. त्याच्या अनुच्छेद २८ मध्ये दारिद्र्यात राहणाऱ्या दिव्यांग व्यक्तींना व त्यांच्या कुटुंबांना प्रशिक्षण, समुपदेशन, अर्थसाहाय्य आणि विसावा-सेवा यांसह दिव्यांगत्वामुळे येणाऱ्या खर्चासाठी राज्यसंस्थेचे साहाय्य मिळावे, असे म्हटले आहे. येथेही दारिद्र्याची अट आहे, हे परीक्षार्थींनी नोंदवून ठेवावे.

या कराराशी सुसंगत असा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये संमत झाला व १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस झाले, ही गोष्ट बहुतेकांना पाठ असते. त्या तुलनेत दुर्लक्षित राहिलेली बाब अशी की, या कायद्याने कलम २ मध्ये ‘काळजीवाहक’ या शब्दाची व्याख्या केली. वेतन घेऊन वा न घेता देखभाल करणारी कोणतीही व्यक्ती, आई-वडील व अन्य कुटुंबीय यांसह, तीत येते. कलम ५ समाजात राहण्याचा हक्क सांगते व घरगुती, निवासी आणि इतर सामुदायिक आधार-सेवांचा उल्लेख करते. कलम २४ मध्ये अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे आणि ही गरज निश्चित करण्याची प्रक्रिया कलम ३८ मध्ये दिली आहे. मात्र कलम २४ ला शासनाच्या आर्थिक क्षमतेची मर्यादा जोडलेली आहे, आणि सामाजिक सुरक्षेच्या त्या यादीत भत्ता आहे, विमा आहे, निवृत्तिवेतन आहे. विसावा-सेवा नावानिशी नाही. १९९९ च्या कायद्यात असलेला शब्द अधिक व्यापक अशा २०१६ च्या कायद्यात येऊ नये, ही खटकणारी गोष्ट आहे. शिवाय न्यासाचा कायदा चारच प्रकारच्या दिव्यांगत्वापुरता असल्याने मणक्याला दुखापत होऊन अंथरुणाला खिळलेल्या तरुणाची पत्नी या तरतुदीच्या बाहेरच राहते.

‘समर्थ’ योजनेचा अनुभव

कलम ११ ला प्रत्यक्ष रूप देण्यासाठी राष्ट्रीय न्यासाने २००५ मध्ये ‘समर्थ’ ही निवासी देखभालीची योजना आणली व २०१५ च्या फेररचनेत ती विसावागृहांची योजना म्हणून पुढे नेली. अनाथ वा परित्यक्त दिव्यांग व्यक्ती, संकटातील कुटुंबे आणि दारिद्र्यरेषेखालील व अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांतील दिव्यांग व्यक्ती यांना तीत स्थान देण्यात आले. कुटुंबीयांना अन्य जबाबदाऱ्या पार पाडण्यासाठी मोकळा वेळ मिळावा, हाही घोषित हेतू होता. अठरा वर्षांवरील व्यक्तींच्या आजीवन निवासासाठी ‘घरौंदा’ ही वेगळी योजना होती. नंतर या दोन्ही योजना एकत्र करण्यात आल्या.

प्रशासकीय सोयीच्या दृष्टीने हे एकत्रीकरण समजण्यासारखे आहे. परंतु विसाव्याच्या दृष्टीने त्यात एक अंगभूत पेच आहे. परित्यक्त मुलाला संस्थेत आणले की त्याला परत जाण्यासाठी घर नसते. त्याची खाट कायमची भरते आणि ती भरलीच पाहिजे, कारण त्याची गरज अधिक निकडीची आहे. अशा काही वर्षांत सर्व खाटा भरल्या की पंधरा दिवसांसाठी जागा मागणाऱ्या आईला नकार द्यावा लागतो. त्यातच अनुदान व्यक्तीगणिक मिळत असेल, तर पाहुण्यासाठी खाट रिकामी ठेवणे संस्थेला परवडत नाही. विसावागृहात काही खाटा रिकाम्या असणे हे सेवेच्या तत्परतेचे लक्षण असते, पण अहवालात ते अपुऱ्या वापराचे लक्षण म्हणून दिसते. अल्पमुक्कामासाठी राखीव खाटा आणि त्यांच्यासाठी वापराशी न जोडलेले अनुदान, एवढा बदल झाला तरी या योजनेचे स्वरूप पुष्कळ पालटेल.

या नकाराचा परिणाम गंभीर असतो. ज्या कुटुंबाला पंधरा दिवस मिळत नाहीत, ते थकव्याच्या एका टोकाला पोहोचले की कायमस्वरूपी प्रवेशासाठी रांगेत उभे राहते. २०१६ च्या कायद्यातील कलम ९ नुसार केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून बालकाला आई-वडिलांपासून वेगळे करता येत नाही. सक्षम न्यायालयाने बालकाच्या हितासाठी आदेश दिला तरच ते शक्य आहे. कुटुंब टिकवण्याची ही हमी कायद्याने दिली, पण कुटुंब ज्यावर टिकते तो विसावा दिला नाही, तर ताण सगळा त्या घरावरच येतो.

पैसा, रजा आणि वेळ

रोख साहाय्याचे चित्र विखुरलेले आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांगत्व निवृत्तिवेतन योजनेत दारिद्र्यरेषेखालील, ८० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या १८ ते ७९ वयाच्या व्यक्तीसाठी केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपये आहे. राज्ये आपली भर घालतात. अठरा वर्षांखालील मूल या योजनेत बसत नाही. केरळने २०१० मध्ये ‘आश्वासकिरणम्’ ही थेट काळजीवाहकासाठीची योजना सुरू करून दरमहा ६०० रुपयांपर्यंत साहाय्य ठेवले. रक्कम अल्प आहे आणि ती थकल्याच्या तक्रारीही वारंवार झाल्या. तथापि घरात राबणाऱ्या व्यक्तीला शासनदरबारी स्वतंत्र लाभार्थी मानणे हे त्या योजनेचे वेगळेपण होय. ‘निरामय’ आरोग्य विम्यात न्यासाच्या कक्षेतील दिव्यांग व्यक्तीला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. जुनी करप्रणाली स्वीकारणाऱ्या करदात्याला दिव्यांग अवलंबितासाठी ७५ हजार आणि तीव्र दिव्यांगत्वासाठी १ लाख २५ हजार रुपयांची वजावट मिळते. शेतमजूर आईला तिचा उपयोग नाही, हे सांगावयास नको.

नोकरदार पालकांच्या बाबतीत प्रगती अधिक ठोस आहे. केंद्र सरकारच्या महिला व एकल पुरुष कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या अपत्यासाठी २०१८ च्या नियमदुरुस्तीनंतर वयाची अट राहिलेली नाही. काळजीवाहक कर्मचाऱ्याला नित्याच्या बदलीतून सूट देण्याचे आदेश २०१४ मध्ये निघाले व २०१८ मध्ये त्यांची व्याप्ती वाढवण्यात आली. हिमाचल प्रदेशातील एका शासकीय महाविद्यालयाच्या प्राध्यापिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये असे मत मांडले की, दिव्यांग मुलांच्या मातांना अशी रजा नाकारणे हे स्त्रियांच्या रोजगारातील सहभागाच्या घटनात्मक हक्काला बाधा आणणारे आहे. राज्याला आपल्या नियमांचा फेरविचार करण्यास सांगण्यात आले. येथे एक भेद सांभाळावा लागतो. रजा म्हणजे विसावा नव्हे. रजेवर असलेली आई नोकरीतून मोकळी होते आणि देखभालीत अधिक गुंतते.

शब्दावरील आक्षेप

दिव्यांग हक्क चळवळीतील काही कार्यकर्त्यांचा ‘रेस्पाइट’ या शब्दालाच आक्षेप आहे. ज्याच्यापासून विसावा घ्यायचा तो माणूस म्हणजे ओझे, असा अर्थ त्यातून निघतो, असे ते म्हणतात. व्यक्तीला स्वतःचा वैयक्तिक साहाय्यक मिळाला तर कुटुंबावर ताण येणारच नाही, ही त्यांची भूमिका. कराराच्या अनुच्छेद १९ मधील स्वतंत्र जीवनाच्या कल्पनेशी ती जुळते. आक्षेपात तथ्य आहे आणि सेवा कशी असावी हे त्यातून कळते. चोवीस तास आईच्याच सहवासात असलेल्या तीस वर्षांच्या मुलालाही बदल हवा असतो. नवे मित्र, वेगळे जेवण, स्वतः निवडलेला चित्रपट त्याला मिळत असेल, तर तो मुक्काम त्याचाही विसावा ठरतो. केवळ पहारा ठेवणारी व्यवस्था मात्र त्या आक्षेपाला पात्रच असते. तथापि वैयक्तिक साहाय्यकाची व्यवस्था सर्वत्र पोहोचेपर्यंत आजच्या आईने वाट पाहावी, हे म्हणणे टिकणारे नाही. इंग्लंडने २०१४ च्या केअर ॲक्टमध्ये काळजीवाहकाच्या गरजांचे स्वतंत्र मूल्यमापन करण्याचा हक्क दिला. दोघांच्या गरजा वेगवेगळ्या तपासल्या की हा वाद बराच निवळतो.

जिल्हा आणि ग्रामपंचायत

राष्ट्रीय न्यास कायद्याच्या कलम १३ नुसार स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती तिचे सदस्य असतात. अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी पालकत्वाचे अर्ज याच समितीपुढे येतात. त्यामुळे कोणत्या घरात वृद्ध आई-वडील एकटेच प्रौढ मुलाला सांभाळत आहेत, याची माहिती अर्जांच्या रूपाने तिच्याकडे जमा होत असते. आज ती पालकत्व प्रमाणपत्र देण्यापुरती वापरली जाते.

खालच्या पातळीवर केरळचा अनुभव बोलका आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील वेंगानूर ग्रामपंचायतीत २००४ मध्ये पहिली ‘बड्स’ शाळा निघाली. स्थानिक स्वराज्य संस्था आणि ‘कुटुंबश्री’ यांच्या माध्यमातून पुढे अशा शाळांचे व अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठीच्या पुनर्वसन केंद्रांचे जाळे राज्यात पसरले. कासरगोड जिल्ह्यातील एंडोसल्फानग्रस्त मुलांसाठीही त्यांचा उपयोग झाला. या संस्था विसावा-सेवा या नावाने चालत नाहीत; पण मूल सकाळी जाते, संध्याकाळी येते आणि आई मधल्या वेळात मजुरीला जाऊ शकते.

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. लहान ग्रामपंचायतीत ही रक्कम थोडी असते आणि बहुधा एकदाच रोख वा वस्तुरूपाने वाटली जाते. पाच-सात शेजारच्या ग्रामपंचायतींनी हा निधी एकत्र केला, तर वापरात नसलेल्या शाळाखोलीत दोन प्रशिक्षित मदतनिसांसह, आठवड्यातून तीन दिवस का होईना, दिवसकेंद्र चालवण्याचा विचार होऊ शकतो. ने-आणीचा रिक्षाखर्च त्याच अंदाजपत्रकात धरावा लागेल.